सामन्याच्या तोंडावर नेमलेला प्रशिक्षक

हिंगोली जिल्ह्यातील महाविद्यालयांचे खेळाडू स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या संघातून पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी रवाना होतात, तेव्हा त्यांच्यासोबत प्रशिक्षक म्हणून जी व्यक्ती गाडीत बसते, तिची आणि खेळाडूंची ओळख किती दिवसांची असते, हा प्रश्न कोणी फारसा विचारत नाही. जय-पराजयाच्या बातमीत खेळाडूंची नावे येतात, प्राचार्यांच्या हस्ते सत्कार झाल्याचे छायाचित्र येते आणि विषय संपतो. अमेरिकेत मात्र गेल्या हंगामात नेमक्या याच प्रश्नावर मोठे वादळ उठले. तेथील आणि येथील परिस्थितीत जमीन-अस्मानाचे अंतर असले, तरी त्या वादातून आपल्याकडील एका जुन्या दुखण्यावर प्रकाश पडतो.

अमेरिकेतील विद्यापीठांचा फुटबॉल हंगाम नोव्हेंबरअखेर संपत येतो आणि डिसेंबर-जानेवारीत निवडक संघांचे 'बाऊल' सामने होतात. वाडग्याच्या आकाराच्या क्रीडागारांवरून हे नाव पडले. गुलाब, साखर, कापूस, संत्रे अशी त्या त्या भागाची ओळख सांगणारी नावे या सामन्यांना आहेत. (हाच न्याय लावला, तर वसमतला हळदीच्या नावाने एखादी स्पर्धा भरवायला हरकत नसावी.) अडचण अशी की, वर्षभराच्या कष्टाचे फळ ठरणारे हे सामने आणि प्रशिक्षकांच्या बदल्यांचा मोसम एकाच वेळी येतो. हंगाम संपला की अपयशी प्रशिक्षकाला नारळ मिळतो, त्याच्या जागी दुसऱ्या विद्यापीठाचा यशस्वी प्रशिक्षक मोठी रक्कम देऊन आणला जातो आणि त्याचा जुना संघ मोठ्या सामन्याच्या तोंडावर पोरका होतो. त्यातच 2017 पासून नव्या खेळाडूंशी करार करण्याची एक मुदत डिसेंबरातच येऊ लागल्याने नवा प्रशिक्षक सामन्यासाठी थांबायला तयार नसतो. त्याला पुढच्या वर्षीचा संघ बांधायचा असतो.

नोव्हेंबर 2025 च्या अखेरीस मिसिसिपी विद्यापीठाचे प्रशिक्षक लेन किफिन यांनी लुइझियाना राज्य विद्यापीठाची जबाबदारी स्वीकारली. मिसिसिपीचा संघ त्या वेळी राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीच्या उंबरठ्यावर होता. जुन्या संघाला बाद फेरीत खेळवून मग नव्या ठिकाणी रुजू होण्याची किफिन यांची इच्छा विद्यापीठाने मान्य केली नाही. त्यांचे सहकारी पीट गोल्डिंग यांच्याकडे संघ सोपवण्यात आला आणि त्यांनी तो उपांत्य फेरीपर्यंत नेला. म्हणजे नवा प्रशिक्षक होता तो नावापुरता. खेळाडूंना तो आधीपासून ओळखत होता आणि खेळाडूही त्याला ओळखत होते.

यापूर्वी 2021 च्या डिसेंबरात तर या प्रश्नाची एकाच वेळी तीन उत्तरे पाहायला मिळाली. ब्रायन केली नॉट्र डेम विद्यापीठ सोडून गेले, तेव्हा त्यांचे सहायक मार्कस फ्रीमन यांना बढती मिळाली. मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांचा पहिलाच सामना 1 जानेवारी 2022 रोजीचा फिएस्टा बाऊल होता. 28-7 अशी आघाडी घेऊनही त्यांचा संघ ओक्लाहोमा स्टेटकडून 37-35 असा हरला. ओक्लाहोमा विद्यापीठाचे लिंकन रायली कॅलिफोर्नियात गेल्यावर त्या विद्यापीठाने निवृत्त झालेले बॉब स्टूप्स यांना एका सामन्यापुरते परत बोलावले. नव्याने नेमलेले ब्रेंट व्हेनेबल्स पुढच्या हंगामाच्या तयारीला लागले आणि स्टूप्स यांनी ओरेगॉनविरुद्धचा सामना 47-32 असा जिंकून दिला. ओरेगॉनचेही तेच. त्यांनी नेमलेले डॅन लॅनिंग जॉर्जियाच्या बचावफळीचे काम पूर्ण करूनच रुजू झाले. 10 जानेवारी 2022 रोजी जॉर्जियाने अलाबामाला हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, तेव्हा ते जुन्या संघासोबतच होते.

या तिन्ही उदाहरणांतला समान धागा असा की, ऐन सामन्यात संघ अनोळखी माणसाच्या हाती द्यायचा नाही, याबद्दल कोणाचेच दुमत नव्हते. पैशांच्या उलाढालीने विटलेल्या त्या व्यवस्थेतही एवढे भान शिल्लक आहे. आणि पहिल्या सामन्यावरून प्रशिक्षकाची योग्यता ठरवू नये, हेही फ्रीमन यांच्या पुढच्या वाटचालीवरून दिसले. त्याच फ्रीमन यांनी जानेवारी 2025 मध्ये नॉट्र डेमला राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोहोचवले.

आता महाराष्ट्राकडे वळू. आपल्याकडे महाविद्यालयीन खेळात अशी बाजारपेठ नाही. पण नव्या प्रशिक्षकाने काय घडू शकते, याचे उत्तम उदाहरण क्रिकेटमध्ये आहे. 2017 साली मुंबई संघाने चंद्रकांत पंडित यांना पुन्हा करारबद्ध केले नाही. आदल्याच हंगामात त्यांचा संघ रणजी करंडकाच्या अंतिम फेरीत पोहोचला होता. त्याआधी 2015-16 मध्ये विजेता ठरला होता. विदर्भाने त्यांना बोलावले. 1 जानेवारी 2018 रोजी इंदूरच्या होळकर मैदानावर विदर्भाने दिल्लीला नऊ गडी राखून हरवले आणि इतिहासात प्रथमच रणजी करंडक जिंकला. रजनीश गुरबानीने त्या अंतिम सामन्यात घेतलेली हॅट्ट्रिक आजही लोकांच्या स्मरणात आहे. पुढच्या वर्षी विदर्भाने करंडक राखला. नंतर पंडित मध्य प्रदेशात गेले आणि जून 2022 मध्ये बंगळुरूत त्यांच्या संघाने मुंबईलाच हरवून पहिला रणजी करंडक मिळवला.

हे सर्व नव्या प्रशिक्षकाचे कर्तृत्व म्हणून सांगितले जाते आणि ते खोटे नाही. पण पंडित नागपुरात कधी आले, हे पाहिले पाहिजे. ते हंगामापूर्वी आले. सराव शिबिर त्यांनी घेतले, संघ निवडीत त्यांचा शब्द होता, शिस्तीचे नियम त्यांनी आखले आणि मग साखळी सामने, बाद फेरी या क्रमाने अंतिम सामना आला. अंतिम सामन्याच्या आठ दिवस आधी त्यांना नेमले असते, तर त्यांच्या गाठीच्या अनुभवाचा किती उपयोग झाला असता? प्रशिक्षक नवा असण्यात काही वावगे नाही. तो कोणत्या महिन्यात नवा आहे, एवढाच खरा प्रश्न आहे.

हिंगोलीच्या वाचकाला यातील एक विसंगती जाणवली असेल. कनेरगाव नाक्याजवळ पैनगंगा ओलांडली की वाशीम जिल्हा लागतो आणि तेथील मुलगा विदर्भाच्या संघटनेकडून खेळतो. अलीकडचा मुलगा मात्र पुण्यात मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र संघटनेचा. विदर्भाने 2018, 2019 आणि 2025 असे तीनदा रणजी करंडक उंचावला. महाराष्ट्राचे शेवटचे विजेतेपद 1940-41 चे आहे. अर्थात हिंगोलीत क्रिकेटपेक्षा कबड्डी, खो-खो, कुस्ती आणि मैदानी खेळांचीच मुळे खोल आहेत आणि ग्रामीण मुलांना या खेळांत वर चढण्याची मुख्य शिडी म्हणजे महाविद्यालय आणि विद्यापीठ हीच आहे.

या शिडीची रचना थोडी समजून घेऊ. महाविद्यालयाचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत खेळतो. तेथील कामगिरी आणि निवड चाचणी यांवरून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. तो संघ भारतीय विद्यापीठ संघाच्या वतीने होणाऱ्या पश्चिम विभागीय स्पर्धेत उतरतो. तेथे वरचे स्थान मिळाले तर अखिल भारतीय स्पर्धा, आणि तेथील पहिल्या आठांत आले तर खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा. 2020 साली भुवनेश्वरला सुरू झालेल्या या स्पर्धेचे पाचवे पर्व 2025 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात राजस्थानात झाले. सेनगाव किंवा कळमनुरी तालुक्यातील खेळाडूसाठी पश्चिम विभागीय स्पर्धा हाच त्याचा 'बाऊल' सामना आहे. तेथे दोन दिवसांत सारे ठरते.

आणि नेमका याच टप्प्यावर प्रशिक्षक बदलतो. राज्यातील बहुतेक विद्यापीठांची रीत अशी की, संघ निवडल्यानंतर काही दिवसांचे सराव शिबिर घ्यायचे आणि संलग्न महाविद्यालयांच्या शारीरिक शिक्षण संचालकांपैकी एकाला संघाचा प्रशिक्षक, दुसऱ्याला व्यवस्थापक नेमायचे. वर्षभर खेळाडूला घडवणारे त्याचे गुरुजी गावी राहतात. ऐन सामन्यात बाजूला उभा असतो तो दुसराच. अमेरिकेत जे अपवादाने आणि नाइलाजाने घडते, ते आपल्याकडे दरवर्षीचा नियम आहे. फरक इतकाच की, तेथे प्रशिक्षक कोट्यवधींसाठी जातो आणि येथे एक पत्र आणि प्रवासभत्ता घेऊन येतो.

यात त्या संचालकांचा दोष नाही, हे आवर्जून सांगितले पाहिजे. शारीरिक शिक्षणातील पदव्युत्तर पदवी आणि एखाद्या खेळाचे प्रशिक्षण या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसऱ्यासाठी पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेसारखी वेगळी पदविका आहे. आपल्या महाविद्यालयांत मात्र एकाच माणसाने कबड्डीपासून क्रॉस कंट्रीपर्यंत सर्व खेळ पाहावेत, मैदान आखावे, साहित्याची नोंद ठेवावी, जयंती-पुण्यतिथ्यांची व्यवस्था लावावी आणि परीक्षेत पर्यवेक्षणही करावे, अशी अपेक्षा असते. 2017 साली राज्य शासनाने पदभरतीवर निर्बंध आणले, पुढे ते अंशतः शिथिल झाले. तरी अनुदानित महाविद्यालयांतील रिक्त पदांचा प्रश्न पुरता सुटलेला नाही. पद रिकामे असेल, तेथे क्रीडा विभागाचा कार्यभार इतिहास किंवा मराठी शिकवणाऱ्या प्राध्यापकाकडे 'अतिरिक्त' म्हणून येतो. तो बिचारा आपल्या परीने करतो. पण चढाईपटूचा पाय का अडकतो, हे त्याने कोठून सांगावे?

कबड्डीसारख्या खेळात ही उणीव फार लवकर उघडी पडते. पाच मिनिटांच्या मध्यंतरात प्रशिक्षकाने सांगायचे असते की, उजवा कोपरा मागे घ्या, अमक्याला चढाईला पाठवू नका. कोणत्या मुलाचा दम दुसऱ्या सत्रात संपतो, कोणाच्या गुडघ्याला जुनी दुखापत आहे, कोण रागावल्यावर चुकतो, हे ज्याला ठाऊक आहे, तोच हा निर्णय घेऊ शकतो. आठवडाभराच्या शिबिरात डावपेच घोटून घेता येतील, खेळाडू ओळखता येणार नाही. त्यात सत्र परीक्षांच्या तारखा आडव्या आल्या, की शिबिराला सगळा संघ एकत्र मिळेलच असेही नाही.

या बाबतीत खर्चिक योजनांची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक खेळाचा विद्यापीठ प्रशिक्षक जून-जुलैमध्ये, शैक्षणिक वर्ष सुरू होतानाच जाहीर करणे, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांना त्याने उपस्थित राहणे बंधनकारक करणे आणि निवड समितीत त्याला स्थान देणे, एवढ्याने बराच फरक पडेल. नेमणूक एका वर्षाऐवजी तीन वर्षांसाठी केली, तर आणखी चांगले. ज्या महाविद्यालयाचे खेळाडू संघात अधिक, तेथील गुरुजींना सहायक म्हणून सोबत नेण्याची सोय करावी. गोल्डिंग आणि फ्रीमन यांच्या नेमणुकांमागचा विचार याहून वेगळा नव्हता. तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या खेळाचे पदविकाधारक प्रशिक्षक असतील, तर त्यांना मानधनावर का घेऊ नये? यावर आक्षेप येईल की, मर्जीतल्या माणसाची वर्णी लागेल. ती भीती खरी आहे. पण मर्जी तर आजही चालू शकते. निदान वर्षाच्या सुरुवातीला नाव जाहीर झाले, तर त्याच्या कामाचा हिशेब मागता येईल. आज पराभव झाला, तर जबाबदार कोण, याचे उत्तर कोणाकडेच नसते.

1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात पाच तालुके आहेत आणि तालुक्यागणिक महाविद्यालये आहेत. येत्या जून-जुलैमध्ये त्यांच्या हाती विद्यापीठाचे क्रीडा वेळापत्रक पडेल. त्यात स्पर्धांची ठिकाणे आणि तारखा असतील. प्रत्येक खेळापुढे प्रशिक्षकाच्या नावाचा एक रकाना वाढवावा, अशी मागणी जिल्ह्यातील प्राचार्य आणि क्रीडा संचालकांनी त्याआधीच विद्यापीठाकडे लेखी केली पाहिजे.