तिकीट न काढता वाचलेले पैसे



बेणे, खत, पाणी आणि तोडणी हे या पत्रिकेचे नेहमीचे विषय. आज जरा आडवळणाने मनमाडच्या स्टेशनावर जायचे आहे. उसाच्या पत्रिकेत रेल्वे कशाला, असे कोणी म्हणेल. पण ही गाडी फिरून शेवटी आपल्याच वजनकाट्यावर येते, तेवढा धीर धरावा.

मनमाड म्हणजे आपल्या भागाचा दरवाजा. मुंबई-भुसावळचा मोठा मार्ग, १८७८ साली दौंडहून नगर, कोपरगाव, येवला करत आलेला मार्ग, आणि पूर्वीच्या निजामी मुलखातून आलेला तिसरा, असे तीन रस्ते इथे मिळतात. १९७५ साली पंचवटी एक्सप्रेस सुरू झाली आणि पहाटे मनमाडला गाडीत बसून मुंबईचे काम उरकून रात्री परत येणे साध्या शेतकऱ्याला जमू लागले. कोर्टाची तारीख, मंत्रालयातली खेप, टाटा हॉस्पिटलातला पेशंट, सगळ्याची वाट मनमाडवरून. इथल्या फलाटावर ज्याने कधी रात्र काढली नाही असा सभासद आपल्याकडे शोधावा लागेल.

आणि याच वाटेवर एक वाक्य हमखास कानावर येते. "अहो आबा, तिकीट कशाला काढता? मनमाडपर्यंत कोण येतंय बघायला!" बोलणारा चोर नसतो. घरी त्याची दहा एकर बागायत असते, देवाला तो नवस फेडतो, सोसायटीचे कर्ज वेळेवर भरतो. तिकिटाचे पैसे चहा-भज्यांच्या बिलाहून फार जास्त नसतात. तरी ते वाचवण्यात त्याला गोडी वाटते. टी.सी. डब्यात शिरला की हा मागच्या दाराने उतरणार, पुढच्या डब्यात चढणार आणि रात्री घरी ती हकीकत पोराबाळांपुढे रंगवून सांगणार. पोरे हसतात. ती काय शिकली, हे बापाच्या ध्यानात येत नाही.

कायदा काय म्हणतो ते आधी सांगून टाकू. १९८९ च्या रेल्वे कायद्याप्रमाणे विनातिकीट सापडला तर भाडे भरावे लागते आणि वर दंड. दंड भाड्याइतका किंवा २५० रुपये, यांपैकी जो जास्त तो. फसवण्याच्या हेतूने बसला असे ठरले तर सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. हे बहुतेकांना ठाऊक असते. ठाऊक नसते ते पुढचे. धावत्या गाडीतून पडून माणूस दगावला तर रेल्वेकडून वारसांना भरपाई मिळते. २०१७ पासून ती ८ लाख रुपये आहे. पण ती 'प्रवाशा'ला, आणि या कामी कायद्याच्या भाषेत प्रवासी म्हणजे वैध तिकीट किंवा पास असलेला माणूस. सुप्रीम कोर्टाने २०१८ साली एवढी सवलत दिली की प्रेताजवळ तिकीट सापडले नाही एवढ्यावरून दावा फेटाळू नये. तरी तो खरा प्रवासी होता हे आधी घरच्यांनी शपथेवर मांडायचे असते. ज्या बाईला पक्के ठाऊक आहे की आपला माणूस कधीच तिकीट काढत नव्हता, तिने शपथेवर काय लिहावे?

बरे, "सरकारचेच तर आहे, सरकारला काय फरक पडतो?" हे या मंडळींचे ठरलेले उत्तर. इंग्रजांच्या काळात ते कुणी दिले असते तर थोडे समजून घेता आले असते, गाडी परक्याची होती. पण स्वातंत्र्य मिळाल्यावर गांधीजींनीच दिल्लीच्या प्रार्थनासभांतून विनातिकीट प्रवासाबद्दल लोकांना बोल लावले होते. मालक बदलला, सवय बदलली नाही. सरकारचे म्हणजे कुणाचेच नाही, हा हिशेब आपल्या डोक्यात इतका घट्ट बसला आहे की त्याची फळे आपण रोज खातो आणि बी आपणच पेरले हे विसरतो.

मनमाडचेच पाणी घ्या. या गावाने वर्षानुवर्षे पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी नळाला पाणी येण्याचे दिवस काढले आहेत. वागदर्डी धरण आटले की भिस्त पालखेडच्या डाव्या कालव्यावर. दिंडोरी तालुक्यात कादवेवर पालखेड धरण. तिथून निघालेले पाणी निफाड, येवला करत शंभर किलोमीटरहून लांब जायचे. पिण्याचे आवर्तन सुटले की कालव्याला पोलीस बंदोबस्त लावावा लागतो, काठच्या मोटारींची वीज तोडावी लागते, कारण रात्रीतून कालव्यात पाइप पडतात. पाइप टाकणारा म्हणतो, "एवढ्या पाण्यात माझी एक मोटार कितीशी उचलणार?" त्याचे गणित खरे आहे. एका मोटारीने कालवा आटत नाही. पण तेच गणित काठावरच्या प्रत्येकाने मांडले की शेपटाला चिखल पोचतो, आणि मनमाडची बाई हंडा घेऊन टँकरमागे धावते. बरे, वीज तोडली जाते ती सगळ्यांची. ज्याने एक थेंबही चोरला नाही, त्याच्या विहिरीवरची मोटारही बंद. हे त्या प्रामाणिक माणसाने कोणत्या गुन्ह्याबद्दल भोगायचे?

याहून पुढची पायरी याच मनमाडने पाहिली. गावाजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. तिथून भरून निघालेले टँकर रस्त्याकडेच्या ढाब्यावर थांबत, थोडे तेल काढले जाई, भेसळ केली जाई. आजूबाजूला कुणाला माहीत नव्हते असे नाही. 'चालायचंच' म्हणून सगळे आपापल्या वाटेने जात. शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरचा पंप खराब झाला की तो मेकॅनिकला शिव्या देई. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे त्या रस्त्याने जात असताना हा प्रकार पाहून थांबले. त्यांनी हटकले. त्यांना मारहाण झाली आणि अंगावर तेल ओतून भर दिवसा जिवंत जाळण्यात आले. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. राज्यभर सरकारी नोकरांनी काम बंद ठेवले, जिकडे तिकडे छापे पडले. आम्हांला मात्र त्यानंतर एकच गोष्ट टोचत राहिली. इतकी वर्षे तिथून इतके लोक गेले आणि थांबणारा एकच निघाला, आणि तो एकटा होता म्हणून मेला.

विनातिकीट प्रवासी आणि ते खुनी एकाच मापाने मोजावेत असे आमचे म्हणणे नाही. तसे म्हणणे मूर्खपणाचे होईल. पण दोघांना पोसणारी जमीन एक आहे. 'चालायचंच' ही ती जमीन.

आता आपल्या काट्यावर येऊ. इथे 'सरकारचे' म्हणायची सोय नाही. १९५० साली प्रवरेला सहकारी कारखाना उभा राहिला तो विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून जमवलेल्या भागांवर. धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थपंडित त्यासाठी लोणीच्या धुळीत येऊन बसला. मालक ऊसवालाच, हे त्या खटाटोपाचे सार. तेव्हा इथे जो कुणी हात मारतो तो शेजारच्या बांधावरच्या माणसाच्या खिशात मारतो. तरी काय चालते?

तोडणीची पाळी लागवडीच्या तारखेप्रमाणे ठरलेली असते. पण टोळीला 'खुशाली' दिली, ट्रॅक्टरवाल्याला 'एंट्री' दिली, चिटबॉयला खूश केले की पाळी सरकते. एकाचा ऊस पुढे आला म्हणजे दुसऱ्याचा मागे गेला; त्याला तुरा येतो, तो वाळतो, वजन घटते. पुढच्या वर्षी तो मागे पडलेला माणूसही मुकाट्याने खुशाली देतो. मग सगळेच देतात आणि पाळी पुन्हा होती तिथेच येते, फक्त प्रत्येकाचे पैसे गेलेले असतात. इतका आतबट्ट्याचा व्यवहार आम्ही दुसरा पाहिला नाही.

दुसरी गोष्ट पाचटाची. मोळीत पाचट राहिले, शेंड्याकडचे कोवळे कांडे वाढ्याबरोबर नीट छाटले नाही, बुडख्याला माती राहिली, तर तोडणारा खूश, कारण काम लवकर होते. शेतकरीही बघून न बघितल्यासारखे करतो, कारण काट्यावर चार किलो जास्त भरतात. पण पाचटात साखर नाही. उलट ते रस शोषून बगॅसमध्ये घेऊन जाते. कोवळ्या शेंड्यात साखर कमी असते आणि त्याने उतारा खाली येतो. आणि दर कशावर ठरतो? २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफ.आर.पी. ठरवली. त्याच्या वर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे वाढ, आणि खाली साडेनऊ टक्क्यांपर्यंत तितकीच घट. म्हणजे उतारा एक दशांश घसरला तर टनाला ३४ रुपये ६० पैसे गेले. शंभर टन ऊस घालणाऱ्या सभासदाचे ३,४६० रुपये. उतारा धरतात तो साऱ्या कारखान्याचा सरासरी. ज्याने पाचट घातले त्याला चार किलोचा भाव मिळाला. ज्याने साफ ऊस घातला, त्याची टनामागची घट मात्र पाचटवाल्याइतकीच.

इथे कुणी विचारील, आणि विचारावेच, "कारखान्याचा काटा तरी खरा आहे का?" हा प्रश्न चौकात विचारला जातो, मग पत्रिकेत का नको? आम्ही म्हणतो, सभासदाने वाटेतल्या दुसऱ्या काट्यावर वजन करून यावे, पावती घेऊन यावी, आणि त्याबद्दल कारखान्यात कुणी तोंड वाकडे करू नये. जो कारखाना सभासदाच्या मोळीतले पाचट मोजतो, त्याने स्वतःचा काटा उघडा ठेवलाच पाहिजे. वरच्यांनी खाल्ले म्हणून खालच्यांनी खायचे, ही सबब दोन्हीकडून वापरली जाते: सभासद म्हणतो संचालक काय कमी आहेत, आणि संचालक म्हणतात सभासदच तसे आहेत. यात खरे-खोटे ठरवायला वजनाची पावती हाच एक साक्षीदार आहे.

यासाठी एक सूचना येत्या वार्षिक सभेपुढे ठेवावी असे आम्हांला वाटते. प्रत्येक गट कार्यालयाबाहेर फळा असावा. पाळी कुणाची होती, तोड कुणाची झाली, खेपेला पाचट आणि माती किती निघाली, हे त्यावर रोज नावानिशी लिहावे. यात अब्रू जाते अशी कुरकुर होईल. होऊ द्या. फळ्यावर पहिल्या ओळीत संचालकांच्या उसाची खेप लिहावी, दुसऱ्या ओळीपासून बाकीच्यांची, आणि खडू गटातल्या सभासदांनी आळीपाळीने हातात घ्यावा.