पीसीओएसचा वारसा कोणाचा?

पाळी दोन-दोन महिने लांबलेली, हनुवटीवर राठ केस आलेले, अशी मुलगी पीसीओएसचे (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, अंडाशय आणि संप्रेरकांशी निगडित विकार) निदान घेऊन घरी येते तेव्हा दोन निकाल तयारच असतात. पहिला : ‘जागरणं आणि बाहेरचं खाणं. हिनंच ओढवून घेतलंय. आमच्या वेळी असलं काही नव्हतं.’ दुसरा, आनुवंशिकतेचा विषय निघताच : ‘म्हणजे आईकडून आलं. स्थळं येतील तेव्हा कुणाजवळ बोलू नका.’ एक मुलीला आरोपी ठरवतो, दुसरा तिच्या आईला. पीसीओएसच्या आनुवंशिकतेबद्दल आज जे ज्ञान हाती आहे, त्यापुढे दोन्ही टिकत नाहीत.

‘आमच्या वेळी नव्हतं’ हे खरे नाही. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथाल या डॉक्टरांनी सात स्त्रियांमधील या विकाराचे वर्णन १९३५ साली प्रसिद्ध केले. आपल्याकडेही सोनोग्राफी येण्याआधी पाळी मागेपुढे होणाऱ्या, दिवस राहण्याची वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या आत्या-मावश्या होत्याच. त्यांच्या दुखण्याला नाव नव्हते. नेदरलँड्समधील जुळ्यांच्या २००६ सालच्या अभ्यासात हुबेहूब जुळ्या बहिणींमध्ये या विकाराबाबत आढळलेले साम्य इतर बहिणींमधील साम्याच्या जवळजवळ दुप्पट निघाले. स्त्रियांमध्ये या बाबतीत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे ७० टक्के वारशाशी निगडित असल्याचा निष्कर्ष त्यातून निघाला.

‘मग वजनाचं काही नाही का?’ आहे. २०१८ साली युरोपीय वंशाच्या दहा हजारांहून अधिक रुग्ण स्त्रियांच्या जनुकीय माहितीचे विश्लेषण झाले. वजन वाढवणारे जनुकीय घटक पीसीओएसचाही धोका वाढवतात, असे त्यात दिसले. पण वजन वाढण्याची प्रवृत्तीसुद्धा बऱ्याच अंशी वारशानेच येते, आणि सडपातळ मुलींनाही पीसीओएस होतो. व्यायाम आणि आहाराचा सल्ला जरूर द्यावा. तो उपचार आहे. त्याचा आरोप करू नये.

आता आईवरचा ठपका. पीसीओएसचे एकच एक जनुक नाही. त्याच २०१८ च्या विश्लेषणात धोक्याशी जोडलेली १४ स्थाने मिळाली. काही अंडाशयाला चालना देणाऱ्या संप्रेरकांशी निगडित आहेत, तर डीईएनएनडी१ए हे जनुक अंडाशयातील पुरुषी संप्रेरकांच्या निर्मितीशी. मुलगी निम्मी जनुके वडिलांकडून घेते, तेव्हा हा धोका त्यांच्याकडूनही येतो. वडिलांना अंडाशय नाही, म्हणून तो त्यांच्यात पाळीच्या रूपाने दिसत नाही, एवढेच. ब्रिटनमधील पुरुषांच्या माहितीवरून २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पीसीओएसचा जनुकीय धोका अधिक असलेल्या पुरुषांमध्ये लठ्ठपणा, मधुमेह, हृदयविकार आणि टक्कल यांचे प्रमाण जास्त आढळले. ज्या घरात मुलीच्या पाळीची चर्चा दबक्या आवाजात होते, त्या घरात तिच्या वडिलांच्या साखरेची चर्चा त्याच संदर्भात व्हायला हवी.

‘रक्तातच आहे, तर उपाय काय करणार?’ हा तिसरा आक्षेप सर्वांत घातक, कारण तो उपचारच थांबवतो. सापडलेली जनुकीय स्थाने एकूण वारशाचा लहानसा भागच उलगडतात. कोणाला हा विकार होणारच, हे त्यांवरून सांगता येत नाही, आणि निदानाच्या मान्य निकषांत जनुकचाचणी नाही. पाळी नियमित करता येते, केस आणि मुरुमांवर औषधे आहेत, अंडे तयार होण्यासाठी लेट्रोझोलसारखी गोळी आहे. पीसीओएस असलेल्या बहुसंख्य स्त्रियांना मुले होतात. मग स्थळ मोडण्याला आधार कसला?

वारशाचे ज्ञान कामाला येते ते वेळीच सावध होण्यासाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण स्त्रियांचे निदानच झालेले नसते. म्हणून घरात एकीला पीसीओएस निघाला की बहिणींच्या पाळीकडे लक्ष द्यावे. वडील आणि भाऊ यांनी रक्तातली साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. रुग्ण मुलीची साखर निदानाच्या वेळीच तपासावी, ती सडपातळ असली तरी, आणि पुढेही दर एक ते तीन वर्षांनी. तिच्या मनाची विचारपूस व्हावी, कारण नैराश्य या विकारात अधिक आढळते. मात्र घाईने शिक्का मारू नये : पाळी सुरू झाल्यापासून पहिली आठ वर्षे केवळ सोनोग्राफीच्या आधारे निदान करू नये, असे २०२३ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

जनुके कोणी निवडून घेत नाही. ना मुलगी, ना तिची आई, ना वडील. म्हणून दोष कोणाचाच नाही. पण धोका साऱ्या घराचा आहे आणि काळजीही साऱ्या घरानेच घ्यायला हवी. ती एकट्या मुलीवर ढकलणे अन्याय्य तर आहेच, शिवाय वैद्यकदृष्ट्याही चूक आहे.