केसपेपरवरचे 18

सेप्सिसचा पेशंट किती धोक्यात आहे, हे मोजक्या आकड्यांच्या बेरजेवरून आधीच ओळखता येतं, असं म्हटलं की अनुभवी डॉक्टर हसतात. ‘पेशंट दारातून आत येतानाच कळतं. ही विलायती बेरीज कशाला?’ मुरलेली नजर कुठल्याही तक्त्याला भारी पडते, हे मान्य. पण रात्री अडीचला तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात ती नजर ड्युटीवर असते का? तिथे असतो बाँडवरचा नवा एमबीबीएस, आणि हाताशी एखादी सिस्टर.

समजा, जळगाव जामोदकडची पंचावन्न वर्षांची बाई आली. तीन दिवस ताप, लघवीला जळजळ. चालत आली, नीट बोलतेय. ताप 38.4 सेल्सिअस, नाडी 108, वरचं बीपी 106, ऑक्सिजन 95. घाबरावं असं काहीच नाही. सलाइन लावा, सकाळी बघू. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2012 मध्ये आणलेल्या आणि 2017 मध्ये सुधारलेल्या ‘न्यूज’ तक्त्यात या चारांना प्रत्येकी एक गुण. बेरीज चार. आता घड्याळ धरून पूर्ण मिनिटभर तिचा श्वास मोजा. 26 भरला, तर एकट्या श्वासाचे तीन गुण, बेरीज सात. सात म्हणजे वरिष्ठांना तत्काळ बोलवायची पायरी. पण केसपेपरवर श्वास किती लिहिलेला असतो? 18. शेजारच्या खाटेवर? तिथेही 18. न मोजता भरायला इतका सोयीचा रकाना दुसरा नाही. तेव्हा तक्ता कुचकामी ठरवण्याआधी त्यात खरे आकडे कधी घातले होते, ते सांगा.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: हा तक्ता आपल्या मातीतला नाही. मे महिन्यातला उष्माघाताचा मजूर घ्या. फवारणीचं विष अंगात भिनलेला, अ‍ॅट्रोपिन चालू असलेला तरुण घ्या. खारपाणपट्ट्यातला, किडन्या निकामी झालेला माणूस घ्या. रक्तातलं आम्ल वाढलं की जंतुसंसर्ग नसतानाही त्याला धाप लागते. तिघांची बेरीज फुगते, आणि तिघांनाही सेप्सिस नसू शकतो. उलट बीटा ब्लॉकरची गोळी घेणाऱ्या म्हाताऱ्याची नाडी हवी तेवढी चढतच नाही. सोळा वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर स्त्रियांना तर हा तक्ता लागूच नाही. सगळं खरं. पण यातून सिद्ध काय होतं? स्कोअर निदान करत नाही, एवढंच. फुगलेल्या बेरजेच्या त्या तिघांपैकी कुणाला तुम्ही घरी पाठवणार होता?

माझं भांडण खरं तर स्कोअरच्या भक्तांशी आहे. ‘बेरीज अकरा आली, आता खर्च करून उपयोग नाही,’ हे वाक्य नातेवाइकांच्या तोंडावर फेकलं जातं तेव्हा तक्त्याचा सरळ दुरुपयोग होतो. बेरीज शंभर पेशंटांच्या घोळक्याबद्दल काही सांगते. समोरच्या एकाच्या कपाळावर काय लिहिलंय ते तिला वाचता येत नाही. एका आकड्यावर विसंबणं शहाणपणाचं नाही, हे पाश्चात्त्यांनाही कळलंय: 2016 मध्ये गाजलेला तीन प्रश्नांचा ‘क्यू-सोफा’ एकट्याने चाळणीसाठी वापरू नका, असं 2021 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीच सांगितलं.

आणि ‘विलायती’ म्हणणाऱ्यांनी गडचिरोलीकडे बघावं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने 39 गावांत जेमतेम शिकलेल्या बायकांना तान्ह्या बाळांची लक्षणं मोजायला शिकवली. दूध ओढणं मंदावलं का, रडणं क्षीण झालं का, अंग गार पडलं का. त्यावरून सेप्सिस ओळखून त्या घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन देत. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा साठ टक्क्यांहून अधिक घटल्याचं 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलं. तान्ह्यांची लक्षणं वेगळी, मोठ्यांचा तक्ता वेगळा, हे कबूल. पण लक्षणं मोजून धोका ओळखण्याची ही रीत याच विदर्भात रुजली. शिवाय तिथे मोजणारीच्या हाती औषधही होतं. नुसत्या मोजणीने बाळं वाचली नसती.

बुलढाण्याचं मेडिकल कॉलेज 2024 मध्ये सुरू झालं, तरी खामगाव-शेगावकडच्या नातेवाइकांच्या कानी ‘अकोल्याला न्या’ पडायचं थांबलेलं नाही. सोबतच्या रेफर चिठ्ठीवर दोनच शब्द असतात: ‘प्रकृती गंभीर’. त्याऐवजी तिथे बेरीज लिहा, ती केव्हा काढली ते लिहा, अँटिबायोटिकचा पहिला डोस किती वाजता दिला ते लिहा. सेप्सिसमुळे बीपी कोसळलेलं असेल तर तो डोस तासाच्या आत जायला हवा, आणि अकोल्याचा रस्ताच तासाभराचा. 108 रुग्णवाहिकेतही डॉक्टर असतो. त्याने वाटेत पुन्हा बेरीज काढावी. ती चढली असेल, तर अकोल्याच्या कॅज्युअल्टीला फोन गाडी पोचायच्या आधी गेला पाहिजे.