व्हॉल्यूमच्या बटणाविरुद्ध

मोटारसायकलवर गाणी नीट ऐकू येत नाहीत, या दुखण्यावर आपल्याकडे एकच औषध ठाऊक आहे: आवाज वाढवा. मग मोठा स्पीकर घ्या, मग लेगगार्डला आणखी दोन लावा, मग अँप्लिफायर बसवा. बॅटरी बसली की बॅटरीही मोठी घ्या! गाण्याच्या फाईलकडे मात्र कोणी ढुंकून बघत नाही. माझं म्हणणं असं की घरी तासभर बसून फाईल तयार करायचा आपल्याला कंटाळा येतो, आणि त्या कंटाळ्याची किंमत आपण स्वतःच्या कानांकडून आणि रस्त्यावरच्या लोकांकडून वसूल करतो.

होंडाची गोल्ड विंग, हार्लेची स्ट्रीट ग्लाइड असल्या गाड्यांना स्टिरिओ कारखान्यातूनच येतो. त्यांचं सोडा. आपली मंडळी स्प्लेंडर-पल्सरवाली. हँडलला बांधलेला स्पीकर, त्यात खुपसलेलं मेमरी कार्ड, आणि कार्डात दहा ठिकाणांहून गोळा केलेली गाणी.

आधी वाऱ्याचं गणित बघा. ताशी ६० किलोमीटरला हेल्मेटच्या आत नुसत्या वाऱ्याचाच आवाज साधारण ९० डेसिबलच्या घरात जातो. अमेरिकेतल्या निऑश या संस्थेची शिफारस अशी की ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासच ऐकावा, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करावा. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला फक्त १ तास. वाऱ्यावर मात करायला तुम्ही स्पीकर ९४ वर नेलात, तर पुणे-महाबळेश्वर जाताना अर्ध्या रस्त्याच्या आतच दिवसाचा कोटा संपला. आता बोला!

मग करायचं काय? वाऱ्याचा आवाज मुख्यतः खालच्या पट्टीतला, घोंघावणारा असतो. त्याच्याशी बासने कुस्ती खेळण्यात अर्थ नाही. तिथे वारा जिंकणार हे ठरलेलं. शिवाय हँडलवरच्या तळहाताएवढ्या स्पीकरला खालचे सूर झेपतच नाहीत, तो नुसता फडफडतो. तेव्हा ऑडासिटीसारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्राममध्ये गाणं उघडा आणि १५० हर्ट्झच्या खालचं सरळ कापून टाका. मग कॉम्प्रेसर लावा, म्हणजे मोठे भाग दाबले जातात आणि हळू भाग वर येतात. स्पीकर एकच असेल तर दोन्ही बाजू एकत्र करून मोनो करा, नाहीतर काही प्लेअर एकच बाजू वाजवतात आणि अर्धा वाद्यवृंद गायब होतो. शेवटी १९२ केबीपीएसची एमपी३ काढा. मिनिटाला दीड एमबीसुद्धा लागत नाही. मूळ फाईल अर्थातच घरी, जशीच्या तशी.

पुढचं काम सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित: सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणणं. १९५०च्या दशकातलं भावगीत हळू येतं, म्हणून तुम्ही बटण फिरवता. लगेच पुढे हल्लीचं ठासून भरलेलं सिनेमाचं गाणं कानठळ्या बसवतं. एमपी३गेन नावाचं जुनं अवजार यासाठीच आहे. ते गाणं पुन्हा एन्कोड करत नाही, फाईलमधला आवाजाचा आकडा दीड-दीड डेसिबलने खालीवर करतं. दर्जा जात नाही, आणि प्लेअर कितीही स्वस्तातला असला तरी फरक पडतो.

इथे आमचे फ्लॅकवाले मित्र डोळे वटारणार. “अरे, संगीताची ही विटंबना आहे! सीडीचे १४११ केबीपीएस कुठे आणि तुझे १९२ कुठे!” मान्य, दिवाणखान्यात मान्य. पण यंत्राच्या मापाने गाणं बेतणं हे पाप असेल, तर त्या पापाचे धनी फार मोठमोठे आहेत. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जानने ध्वनिमुद्रण केलं, तेव्हापासून पुढची कित्येक वर्षं आपल्या गवयांनी तासाभराचा राग तबकडीच्या तीन-साडेतीन मिनिटांत बसवला. गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरून अंतराळात गेली, तीसुद्धा साडेतीन मिनिटांचीच. त्यांनी यंत्राची मर्यादा ओळखली आणि तिच्या आत सोनं केलं. आपल्याला तर फक्त तासभर कॉम्प्युटरपुढे बसायचंय! बाकी, विलंबित ख्यालाची आलापी गाडीवर न्यायचीच कशाला? ती घरी, तानपुऱ्यासकट ऐका.

दुसरा पक्ष आमच्या मामेभावाचा. “दादा, कार्डबिर्ड जुनं झालं, मोबाईलवर सगळं मिळतं.” मिळतं ना, घाटात रेंज जाईपर्यंत. आणि मग तो काय करतो? चालत्या गाडीवर मोबाईल चाचपतो. ताशी ६० ला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. दोन सेकंद खाली बघितलं की ३३ मीटर गाडी आंधळी.

म्हणून फाईलींचा क्रमही घरीच लावायचा. स्वस्त प्लेअर बऱ्याचदा नावाचा क्रम बघतच नाहीत, कार्डावर ज्या क्रमाने फाईल उतरली त्याच क्रमाने वाजवतात. तेव्हा नावापुढे ००१, ००२ असे आकडे घाला, कार्ड रिकामं करा आणि क्रमाने एकेक कॉपी होऊ द्या. ३२ जीबीपर्यंतचं कार्ड घ्या आणि ते फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. त्याहून मोठी कार्डं सहसा एक्सफॅट असतात आणि हे प्लेअर ती वाचत नाहीत. छोट्या पडद्यावर देवनागरी नावांचे चौकोन दिसत असतील तर नावं रोमन अक्षरांत लिहा. मनाला पटत नाही, पण भर रस्त्यात चौकोन वाचत बसण्यापेक्षा बरं.

एवढं करूनही धावत्या गाडीवर ऐकू येत नसेल तर? तर बंद करा. मागून येणाऱ्या एसटीचा हॉर्न कुठल्याही गाण्यापेक्षा महत्त्वाचा आहे. गावात शिरताना तर बंदच करा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागातली दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, आणि इस्पितळ, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतात. तुमची आवड कितीही उच्च असली तरी चौकातल्या पेशंटने ती सोसावी असं कुठे लिहिलेलं नाही.

गाणं स्वतःसाठी ऐकायचं असेल तर ते आधी स्वतःच्या हाताने तयार करावं लागतं. ज्याला फक्त बटण फिरवायचंय, त्याला बहुधा गाणं ऐकायचं नसतंच. आपण आलोय हे गावाला सांगायचं असतं. त्यासाठी गाडीला हॉर्न दिलेला आहे, तोही जरा बेतानेच वाजवावा.