यशाची मुदत

पुणे-सोलापूर महामार्गाच्या परिसरातील लोणी काळभोर, थेऊर आणि उरुळी कांचन ही गावे ज्या वेगाने बदलली, त्याच वेगाने तेथील यशाची कल्पनाही बदलत गेली. कालव्याच्या पाण्यावरचा ऊस आणि बागायत ही एके काळी घराण्याच्या प्रतिष्ठेची खूण होती. पुढे इंधनाचे डेपो, गोदामे, विद्यापीठ आणि गृहसंकुले उभी राहिली आणि रस्त्यालगतच्या गुंठ्याचा भाव हाच कर्तृत्वाचा मापदंड ठरू लागला. भाव वाढल्याने घरात पैसा येतो, मुलांचे शिक्षण होते, आणि यात गैर काहीच नाही. मात्र हा पैसा ज्याच्या हाती येतो तो माणूस त्याच वेगाने वाढलेला असतोच असे नाही, आणि या परिसरातील अनेक कुटुंबांची ओढाताण याच अंतरातून सुरू होते. ‘संतुलित यश’ या संज्ञेने म्हणूनच येथे काम आणि विश्रांती यांची समान वाटणी अभिप्रेत नाही. माणसाने जे मिळवले ते आणि तो स्वतः जो झाला ते, या दोहोंत फार अंतर न पडणे, एवढाच तिचा अर्थ आहे.

या अर्थाने पाहिले तर अभ्यासण्याजोगे उदाहरण लोणीपासून काही कोसांवरच घडले. मार्च १९४६ च्या अखेरीस महात्मा गांधी उरुळी कांचनला आले आणि तेथे निसर्गोपचार आश्रम सुरू झाला. निसर्गोपचार म्हणजे माती, पाणी, ऊन, हवा आणि आहार यांच्या आधाराने शरीराला बरे होऊ देण्याची पद्धती. ती शहरातील सधन रुग्णांपुरती न राहता खेड्यातील गरिबाला परवडावी, हा गांधीजींचा आग्रह होता. काही दिवसांत ते दिल्लीला गेले, आणि मागे राहिलेल्या कार्यकर्त्यांत सुरत जिल्ह्यातील कोसमाडा गावचे मणिभाई देसाई होते. १९४२ च्या आंदोलनात उतरलेला, विज्ञान शाखेचा हा पदवीधर तेव्हा पंचविशी ओलांडत होता. उरुळीतच आयुष्य घालवण्याचा शब्द त्यांनी गांधीजींना दिला आणि १९९३ मध्ये मृत्यू येईपर्यंत पाळला.

शब्द पाळला एवढेच सांगून थांबले तर मणिभाईंच्या चिकाटीचे खरे स्वरूप हाती लागत नाही, कारण सत्तेचाळीस वर्षे एकच काम करत राहणारा तो हट्ट नव्हता. आश्रमाचे काम करताना त्यांच्या लक्षात आले की खेड्यातील आजाराचे मूळ बहुतेक वेळा अपुऱ्या अन्नात असते आणि अपुऱ्या अन्नाचे मूळ कोरडवाहू शेतीत व दूध न देणाऱ्या जनावरांत असते. उपचाराकडून शेतीकडे आणि शेतीकडून गोठ्याकडे ते या तर्काने गेले. भौतिकशास्त्र व गणित शिकलेल्या माणसाने त्यासाठी माती, चारा, गाईंचे आजार आणि वंशावळ हे सारे नव्याने शिकून घेतले. त्यांचे ठिकाण कायम राहिले, रीत मात्र गरजेप्रमाणे बदलली. आश्रमाच्या गोशाळेतील गीर गाईंपासून झालेली ही सुरुवात १९६७ मध्ये ‘भारतीय ॲग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन’ या संस्थेपर्यंत पोहोचली. गावोगावी ती ‘बाएफ’ या नावाने ओळखली जाते.

बाएफचे काम समजून घेताना धीर या गुणाला एक मोजता येणारा आकार मिळतो. खिलारसारखी जनावरे ओढकामाला उत्तम, पण दुधाला बेताची. म्हणून जर्सी व होल्स्टिन या परदेशी जातींशी त्यांचा संकर करण्याचा मार्ग संस्थेने घेतला. त्यासाठीचे तंत्र म्हणजे कृत्रिम रेतन, ज्यात निवडक वळूचे वीर्य द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाला गोठवून ठेवतात आणि प्रशिक्षित कार्यकर्ता शेतकऱ्याच्या दारात जाऊन ते वापरतो. त्यानंतर गाय सुमारे नऊ महिने गाभण असते. कालवड जन्मली तर ती स्वतः वेत देईपर्यंत आणखी अडीच ते तीन वर्षे जातात, आणि गोऱ्हा जन्मला तर वाट पाहणे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणजे ज्या कुटुंबाच्या गोठ्यात हे काम आज झाले, त्याला त्याचे दूध साधारण साडेतीन वर्षांनी दिसते. तोवर कार्यकर्त्याची सचोटी हेच त्या कुटुंबापुढचे तारण असते: तो सांगितलेल्या वेळी आला का, गाय उलटली, म्हणजे गाभण राहिली नाही, तर पुन्हा आला का, नोंद खरी ठेवली का. चारित्र्य हा शब्द व्यासपीठावर फार ढिला वापरला जातो. येथे मात्र त्याच्यावाचून सगळा व्यवहारच अडून बसतो.

संकरित गाईला खुराक अधिक लागतो, ऊन आणि रोग तिला लवकर बाधतात, आणि तिच्या प्रसारात देशी वंशांकडे दुर्लक्ष झाले हा आक्षेपही गंभीरपणे घेण्याजोगा आहे. तरीही जमीन थोडी आणि हात रिकामे असलेल्या कुटुंबाच्या घरी रोजचा पैसा आणण्याचा उपाय म्हणून या कामाचे मोल कमी होत नाही. पुढे दक्षिण गुजरातच्या आदिवासी भागात बाएफने ‘वाडी’ हा प्रयोग उभा केला: कुटुंबाच्या लहानशा तुकड्यावर आंबा, काजू यांसारखी फळझाडे, बांधावर जंगली झाडांचे कुंपण आणि मधल्या जागेत हंगामी पिके. १९८२ मध्ये मणिभाईंना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेव्हा उरुळीत येऊन त्यांना छत्तीस वर्षे झाली होती.

उरुळीइतकेच जवळचे थेऊर दुसरे, अधिक व्यथित करणारे उदाहरण देते. पानिपतानंतर १७६१ मध्ये सोळाव्या वर्षी पेशवेपद मिळालेल्या थोरल्या माधवरावांनी निजाम आणि म्हैसूरचा हैदर अली यांच्याशी झुंजत, घरातील चुलत्याचा विरोध सोसत आणि क्षयाने खंगत राज्य सावरले. अखेरच्या काळात राज्यावरील कर्ज फेडण्याची त्यांना लागलेली काळजी त्यांच्या कारभाराचा खरा पाया दाखवते. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, दिवाळीनंतरच्या कार्तिक वद्य अष्टमीला, थेऊरच्या चिंतामणी गणपतीच्या सान्निध्यात सत्ताविसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. आणि वर्ष पूर्ण होण्याआधीच, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, शनिवारवाड्यात त्यांचे धाकटे भाऊ आणि पुढचे पेशवे नारायणराव यांचा खून पडला. माधवरावांच्या चारित्र्यात उणीव नव्हती, चिकाटीतही नव्हती. उणीव होती ती त्यांच्या शिस्तीला त्यांच्यावाचून टिकवून धरणाऱ्या व्यवस्थेची, आणि ती उभी करण्याइतके आयुष्य त्यांना मिळाले नाही. रामशास्त्री प्रभुण्यांसारखा न्यायाधीश होता, पण एकट्या न्यायासनाला वाड्यातील कट थोपवता आला नाही. मणिभाईंच्या मागे मात्र डॉ. नारायण हेगडे यांच्यासारखे, त्यांच्या हाताखाली घडलेले सहकारी होते, म्हणून बाएफचे काम थांबले नाही आणि अनेक राज्यांत पसरत गेले. दोन शतकांच्या अंतराने झालेल्या या दोन माणसांची थोरवी तोलून पाहण्याचा येथे हेतू नाही. एकाला मिळालेला अवधी दुसऱ्याला मिळाला नाही, हे ध्यानात ठेवूनच ही तुलना वाचावी.

माणसामागे त्याचे काम चालू ठेवण्याचा हा प्रश्न लोणी काळभोर परिसरापुढेही आहे. येथे आज विकास सोसायट्या आहेत, दूध संस्था आहेत, शाळा, वाचनालये, तरुण मंडळे आहेत. तुकोबांच्या पालखीचा मुक्काम दरवर्षी येथे पडतो आणि त्याची व्यवस्था गाव पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहे. या पालखीच्या व्यवस्थेत जे घडते, म्हणजे बापाबरोबर मुलगा राबतो आणि पुढे न सांगता ते काम उचलतो, ते संस्थांच्या कारभारात क्वचित दिसते. तेथे दप्तर एका हाती, ओळखी एका हाती आणि निर्णयही एका हाती राहतात. दिवाळीत वसुबारसेला गाय-वासराची पूजा होते आणि लक्ष्मीपूजनाला वह्यांची. या वर्षी वह्या पूजताना प्रत्येक संस्थेने त्या वह्या पुढे कोण लिहिणार याचे नाव ठरवावे, आणि त्या तरुणाला किंवा तरुणीला पाडव्यापासूनच शेजारी बसवावे.