परवाना टोपलीला, दाखला माणसाला

जव्हारहून मोखाड्याला निघालेली एसटी आज वाटेत फक्त प्रवाशांसाठी थांबते. १९४८ पर्यंत याच वाटेवर राज्य बदलत होते. जव्हार हे मुकण्यांचे संस्थान, तर मोखाडा इंग्रजांच्या ठाणे जिल्ह्यात. उत्तरेला नगर हवेलीत पोर्तुगीज होते. १७७९ च्या तहातून पेशव्यांनी त्यांना बारा हजार रुपये उत्पन्नाच्या गावांचा महसूल देऊ केला. पेशव्यांनी दिला तो महसूल. पुढे त्यावर पोर्तुगीजांनी सत्ता उभी केली. एवढ्याशा डोंगराळ मुलखात तीन राजवटी नांदल्या, आणि वारली, कोकणा, कातकरी, महादेव कोळी या तिन्हींत विभागले गेले.

१९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली मुक्त झाली. दमणहून तिथे जायची वाट भारताने अडवली म्हणून पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांना वाटेचा हक्क होता. फौज, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळ्याला नव्हता. भारताने कोणतेही कर्तव्य मोडलेले नाही, असे न्यायालयाने सांगितले. आपल्या शेजारच्या रानवाटांवर जगाच्या न्यायालयात खल झाला, पण त्या वाटा तुडवणाऱ्याला कुणी काही विचारले नाही. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, १ मे रोजी, ठाणे जिल्ह्यातला उंबरगाव गुजरातेत गेला. आणखी एक रेघ पडली.

मालाच्या वाटेतले अडसर पुढे बरेच दूर झाले. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि राज्यांच्या सीमेवरचे करनाके उठले. त्याआधीच, २०१२ च्या सुधारित नियमांनी, वनहक्क मिळालेल्या गावांत वनोपजाच्या वाहतुकीचा परवाना देण्याचे काम ग्रामसभेच्या समितीकडे सोपवले होते. माणसाची ओळख मात्र अजून नाक्यावरच अडकली आहे.

अनुसूचित जमातींची यादी घटनेच्या कलम ३४२ नुसार प्रत्येक राज्याची वेगळी. जव्हारचा वारली तरुण दादरा नगर हवेलीतल्या सिल्वासाच्या कारखान्यात कामाला लागतो, तिथेच बिऱ्हाड करतो. वारली ही जमात दोन्हीकडच्या यादीत आहे, तरी त्याचा इथला दाखला तिथे आरक्षणाला चालत नाही. महादेव कोळ्याची गत आणखी वाईट. जव्हारला ज्या जमातीने राजे दिले तिचे नाव तिथल्या यादीतच नाही. आणि वारल्यांच्या लग्नाचा चौक? तांदळाच्या पिठाने भिंतीवर लिहिलेला, मधोमध पालघट देवी. तो हवेलीतल्या खानवेलला आणि जव्हारला एकच. त्यापुढे गाणारी धवलेरी हद्द ओलांडून गेली तरी गाणे बदलत नाही. कचेरीतला कागद तेवढा बदलतो.

बाहेरून येणाऱ्यांनी स्थानिकांच्या जागा खाऊ नयेत, ही भीती खोटी नाही. राज्य बदलल्यावर सवलत सोबत जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१८ मध्ये पुन्हा स्पष्ट केले, त्यामागेही हीच काळजी होती. पण दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या तहांनी आणि पुढच्या पुनर्रचनांनी ज्यांच्या वस्त्या मधोमध चिरल्या, त्यांना दूरवरून आलेल्या स्थलांतरितांच्या रांगेत उभे करणे हा अन्याय आहे. आयर्लंडमध्ये १९९८ च्या करारानंतर उत्तरेकडच्या रहिवाशाला ब्रिटिश, आयरिश किंवा दोन्ही म्हणवून घेण्याचा हक्क मिळाला. तिथे तर दोन देशांची हद्द होती. इथे देश एकच आहे.

यादी बदलण्याचा अधिकार संसदेचा आहे. पालघरचे अनुसूचित क्षेत्र आणि दादरा नगर हवेली यांपुरता कायदा व्हावा. ज्या जमाती दोन्ही याद्यांत आहेत, त्यांचा दाखला दोन्हीकडे चालावा; महादेव कोळ्यांचा समावेश तिथे वेगळा तपासला जावा. मूळ गावाची साक्ष ग्रामसभेने द्यावी. मोहाच्या टोपलीला परवाना देण्याइतका विश्वास सरकारने तिच्यावर टाकलाच आहे. पालघरच्या खासदारांनी हा विषय येत्या अधिवेशनात मांडावा, आणि दादरा नगर हवेलीच्या खासदारांना सोबत घेऊन मांडावा.