दुधाच्या खाड्याशेजारी

कॅलेंडरवर दुधाचे खाडे आपण सगळ्याच लिहितो. गेल्या वर्षी मी त्याच चौकटीत पाण्याचंही लिहायला लागले. ‘ग’ म्हणजे गढूळ, ‘वा’ म्हणजे वास. घरचे हसायचे. इंदूरची बातमी आली आणि हसणं थांबलं.

स्वच्छतेत वर्षानुवर्षं देशात पहिल्या आलेल्या या शहरात, भागीरथपुरा वस्तीत, डिसेंबर 2025 च्या अखेरीस गळक्या जलवाहिनीत सांडपाणी मिसळलं. शेकडो लोक आजारी पडले, कित्येकांचा जीव गेला. पाण्याला वास येतोय, असं रहिवासी आधीपासून सांगत होते.

हे होतं कसं? आपल्याकडे पाणी ठरावीक वेळच येतं. तेव्हा पाइपात दाब असतो, गळतीतून पाणी बाहेर जातं. पाणी बंद झालं की दाब पडतो आणि त्याच भोकातून आजूबाजूची घाण आत शिरते. म्हणून सकाळचं पहिलं पाणी गढूळ. आपण ते सोडून देतो अन् विसरतो.

‘पाइप जुने झालेत,’ हे उत्तर मलाही मिळालं. मान्य! पण सगळे एकदम बदलणं कुणालाच परवडणार नाही. मग आधी कुठला? नुसत्या वयावरून ते ठरत नाही. जाड बिडाचा पाइप शंभर वर्षंही टिकतो; खाऱ्या, दमट जमिनीतला लोखंडी त्याच्या निम्म्या वयातही सडतो. कुठला तुकडा किती वेळा फुटला, शेजारून गटार जातं का, त्यावर किती घरं, कुठलं हॉस्पिटल अवलंबून आहे, हे बघावं लागतं. त्याची नोंदच नसेल तर जिथे आरडाओरडा जास्त, तिथलाच रस्ता आधी खणला जातो.

शेवटी आम्ही सातजणींनी आपापली कॅलेंडरं शेजारीशेजारी मांडली. ‘वा’ सगळ्यांकडे त्याच तारखांना! तारखांची यादी जोडून अर्ज दिला. माणसं आली, खणलं. गटाराला लागूनच पाइप, त्यावर आधीच्या दुरुस्तीच्या तीन पट्ट्या. कधी मारल्या, कुणालाच ठाऊक नाही. चौथी मारून ते निघाले, तेव्हा मी विचारलं, “दादा, ही तरी कुठे लिहिणार?”

ते नुसतेच हसले.

मैत्रिणींनो, तुमच्या गल्लीतला पाइप किती वेळा फुटला, हे तुमच्या वॉर्डात जाऊन विचारा. वर्ष संपलं तरी ते कॅलेंडर मी रद्दीत घातलेलं नाही. चौथ्या पट्टीची तारीख सध्या तरी तिथेच लिहिलेली आहे.